दोराची भाषा

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ताळेबंद सोडून कडे चढण्याविषयी लिहावे, याचे आमच्या काही प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु हा विषय मला भागीदारीच्या कायद्याच्या तासालाच सुचला. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यातील नववे कलम सर समजावून देत होते. भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने व निष्ठेने वागावे, खरा हिशेब द्यावा आणि व्यवसायाशी संबंध असलेली सर्व माहिती एकमेकांस पूर्णपणे द्यावी, असा त्याचा आशय. वर्गातले बाकीचे वहीत उतरवून घेत होते. मी मात्र दोन बाक पुढे बसलेल्या माझ्या मित्राच्या उजव्या टाचेकडे पाहत होतो. ती टाच माझ्यामुळे दुखावली होती, आणि तिचा खरा हिशेब मी त्याला अजून दिला नव्हता.

ती हकीकत पुढे येईलच. प्रथम विषयाची ओळख करून देतो.

टप्प्याटप्प्याने चढणे

डोंगर चढणे आणि खडक चढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पायवाटेने गडावर जाणाऱ्यास दोर लागत नाही. उभ्या कड्यावर मात्र हातापायांच्या पकडी शोधत जावे लागते, आणि तेथे पाय सुटला तर दोराखेरीज दुसरा आधार नसतो. कडा वीस-पंचवीस मीटरचा असेल तर एका दोराच्या लांबीत काम भागते. पण तो तीनशे किंवा पाचशे मीटर उंच असेल तर? चढाईचे दोर साधारणपणे पन्नास ते साठ मीटर लांब असतात. म्हणून मोठ्या कड्याचे तुकडे पाडावे लागतात. अशा एका तुकड्यास इंग्रजीत ‘पिच’ म्हणतात. आपण त्यास ‘टप्पा’ म्हणू.

पद्धत अशी. दोघेजण एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात. पहिला वर निघतो. दुसरा खाली खडकाला स्वतःस बांधून घेऊन, कमरेला अडकवलेल्या साधनातून हळूहळू दोर सोडीत राहतो. या कामाला ‘बिले’ म्हणतात. पहिला जाता जाता खडकात ठोकलेल्या खुंट्यांत किंवा भेगांत बसवलेल्या साधनांत कॅराबिनरने दोर अडकवीत जातो. तो पडला तर शेवटच्या खुंटीपासून जितका वर गेला असेल तितकाच तिच्या खाली येतो. त्यात दोराचा ताण आणि ढिलाई मिळवावी. टप्पा संपला की उभे राहण्यापुरती जागा पाहून तो दोन किंवा अधिक भक्कम आधारांना स्वतःस बांधतो. मग तो वरून दोर ओढून घेतो, आणि दुसरा खालची साधने काढीत त्याच्यापर्यंत येतो. येथे एक टप्पा संपतो. पुढच्या टप्प्यात बहुधा भूमिका बदलतात. दुसरा पुढे जातो आणि पहिला दोर सांभाळतो. असे दहा, पंधरा, वीस वेळा करावयाचे.

म्हणजे अर्धा दिवस चढण्यात जातो आणि अर्धा दिवस एका अरुंद कपारीवर उभे राहून दुसऱ्याचा जीव हातात धरण्यात जातो. चित्रांत नेहमी चढणारा दिसतो. दोर धरणारा बहुधा चित्राबाहेर असतो.

दोन नावांची शिखरे

या विद्येचे एक मोठे माहेरघर म्हणजे ईशान्य इटलीतील डोलोमाइट पर्वत. मी तेथे गेलेलो नाही. जे लिहितो ते वाचून आणि नकाशे पाहून. आल्प्सचाच हा भाग, परंतु येथील खडक निराळा आहे. सुमारे तेवीस-चोवीस कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातील जीवांनी बांधलेल्या भिंती आणि त्यांचा साचलेला गाळ म्हणजे आजची शिखरे. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटचा हा खडक फ्रेंच शास्त्रज्ञ देओदा द दोलोम्यू याने १७९१ साली वर्णिला, आणि त्याच्याच नावावरून आधी खडकाला व पुढे पर्वताला नाव मिळाले. २००९ साली युनेस्कोने या पर्वताचा जागतिक वारशात समावेश केला.

उन्हाळ्यात व हिवाळ्यात हा प्रदेश सुट्टीकरांनी भरून जातो. १९५६ चे हिवाळी ऑलिंपिक ज्या कोर्तिना गावी झाले, ते याच पर्वतात आहे. गावाजवळच ‘चिंक्वे तोर्री’ म्हणजे पाच बुरूज नावाचा खडकांचा समूह आहे. त्याच्या पायथ्यापर्यंत खुर्च्यांचा पाळणा जातो, जवळच उपाहारगृह आहे, आणि नवशिके तेथे दोन-चार टप्प्यांच्या चढाया शिकतात. पण सुट्टीची जागा म्हणून खडक कोणाला सवलत देत नाही. यांपैकी त्रेफोर नावाचा एक बुरूज २००४ साली आपोआप कोसळला.

तेथून ईशान्येस ‘त्रे चिमे दी लावारेदो’ ही तीन शिखरे आहेत. इटालियन भाषेत याचा अर्थ लावारेदोची तीन शिखरे. जर्मन भाषिक त्यांनाच ‘द्राय त्सिनेन’ म्हणतात. पहिल्या महायुद्धापूर्वी इटली आणि ऑस्ट्रिया यांची सरहद्द येथून जात होती. १९१५ ते १९१७ या काळात दोन्ही सैन्ये याच कड्यांत खंदक खणून लढली. युद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीकडे आला, पण तेथील लोकांची जर्मन भाषा राहिली, आणि काही खोऱ्यांतून लादिन ही तिसरी, फार जुनी भाषाही राहिली. आज तेथे रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत असतात, लादिन खोऱ्यांत तीन. ज्या मुलुखात गावाच्या नावाचे दोन उच्चार ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, तेथील वाचकांना या पर्वताचा परिचय अधिक सांगावयास नको.

तीन शिखरांपैकी मधले चिमा ग्रांदे हे सर्वांत उंच. उंची २९९९ मीटर. १८६९ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचा पॉल ग्रोमान हा फ्रान्त्स इनरकोफ्लर व पेटर साल्चर या वाटाड्यांसह त्यावर प्रथम पोहोचला. ते दक्षिणेच्या सोप्या बाजूने गेले. उत्तरेचा कडा सुमारे पाचशे मीटर उंच, आणि त्याचा खालचा भाग सरळ अंगावर येणारा. त्यावर वाट सापडण्यास आणखी चौसष्ट वर्षे लागली. १९३३ च्या ऑगस्टमध्ये त्रिएस्त शहराचा एमिलिओ कोमिची आणि कोर्तिनाचे आंजेलो व ज्युझेप्पे दिमाई हे भाऊ यांनी तो चढून दाखवला. आज जगभरचे गिर्यारोहक तीच वाट ‘कोमिची-दिमाई’ या नावाने, पंधराहून अधिक टप्प्यांत चढतात. माथ्यावर पोहोचले म्हणजे सुटले असेही नाही. दक्षिणेकडची उतरणीची वाट शोधून काढावी लागते आणि काही ठिकाणी दोरावरून घसरत यावे लागते. दुपारनंतर वादळी पाऊस व विजा यांचा धोका असल्यामुळे पहाटेच निघावे लागते.

पडण्याचे गणित

आता थोडा हिशेब. समजा, कपारीपासून चार मीटर वर गेलेल्या माणसाने वाटेत एकही खुंटी अडकवलेली नाही आणि त्याचा पाय सुटला. तो कपारीपर्यंत चार आणि तिच्या खाली चार, असा आठ मीटर पडेल. हा धक्का सोसावयास दोर आहे फक्त चार मीटर. पडण्याची लांबी भागिले सोडलेल्या दोराची लांबी, म्हणजे आठ भागिले चार, उत्तर दोन. यास ‘फॉल फॅक्टर’ म्हणतात, आणि अशा चढाईत दोन हा त्याचा सर्वांत वाईट आकडा.

दुसरा माणूस चाळीस मीटर वर आहे आणि त्याची शेवटची खुंटी चार मीटर खाली आहे. तोही आठ मीटरच पडेल. पण येथे धक्का पसरण्यास चाळीस मीटर दोर आहे. आठ भागिले चाळीस, म्हणजे शून्य दशांश दोन. पडणे तितकेच, परंतु गुणांक दहा पट कमी. याचे कारण असे की चढाईचा नायलॉनचा दोर ताणला जातो आणि ताणता ताणता धक्का गिळतो. दोर जितका अधिक सुटलेला, तितका तो अधिक ताणणार. म्हणून नियम असा की टप्प्याच्या आरंभी, अगदी सोपे वाटत असले तरी, पहिली खुंटी लवकर अडकवावी.

कोमिचीच्या काळी दोर तागासारख्या वनस्पतीच्या धाग्यांचे असत. आतल्या गाभ्यावर विणलेले आवरण असलेला आजच्या प्रकारचा नायलॉनचा दोर १९५३ साली जर्मनीत निघाला. म्हणजे साधने फार सुधारली. पण साधन सुधारले म्हणून माणसाची चूक सुधारत नाही. लिन हिल ही अमेरिकन चढाईपटू त्या काळी जगातील अग्रगण्य मानली जाई. १९८९ साली फ्रान्समध्ये ब्यूक्स येथे चढाई करताना तिने दोर कमरपट्ट्यातून ओवला, पण गाठ पुरी केली नाही. वर जाऊन दोरावर भार टाकताच ती सत्तर फुटांहून अधिक खाली पडली. झाडांच्या फांद्यांमुळे वाचली. गाठ येत नव्हती असे नव्हे. त्या क्षणी लक्ष दुसरीकडे गेले होते. म्हणून निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ हात लावून तपासावी, असा नियम आहे. ज्याने जमाखर्च लिहिला त्यानेच तो तपासू नये, हे आम्हा वाणिज्यवाल्यांना निराळे सांगावे लागत नाही.

‘बिगी’

आता माझी हकीकत. गेल्या डिसेंबरात आम्ही काही मुले बदामीस प्रस्तरारोहणाच्या शिबिरास गेलो होतो. तेथील तांबडा वालुकाश्म या खेळासाठी प्रसिद्ध आहे. लेण्यांपासून दूरच्या कड्यावर आमचा सराव चाले. माझा जोडीदार गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा. मी मराठी शाळेत शिकलेलो, पण कन्नड मला गल्लीतच आलेली. आम्ही दोघे एका वाक्यात दोन्ही भाषा वापरतो. शिबिरात हुकूम इंग्रजीत ठरले होते. दोर आवळायचा तर ‘टाइट’, सोडायचा तर ‘स्लॅक’.

तिसऱ्या दिवशी तो पुढे चढत होता आणि मी खाली दोर धरून होतो. चौथ्या खुंटीत त्याने दोर अडकवला. त्याचे हात थकले होते, पाय थरथरत होते. त्याने ओरडून सांगितले, “बिगी! बिगी!”

कन्नडमध्ये ‘बिगी’ म्हणजे घट्ट. त्याला दोर आवळून हवा होता. मला हा शब्द लहानपणापासून माहीत आहे. पण माझी आजी रोज सकाळी मला “बिगी बिगी आवर” म्हणून उठवीत असे, आणि घाबरलेल्या माझ्या कानाने आजीचाच शब्द ऐकला. तो घाई करतो आहे, त्याला दोर लवकर हवा आहे, असे समजून मी भराभर दोन हात दोर सोडला. दोर आवळला असेल अशा विश्वासाने त्याने खडक सोडला आणि मागे बसला.

तो आठ-नऊ फूट खाली आला. माझा उजवा हात दोराच्या खालच्या टोकावरून सुटला नव्हता, म्हणून दोर थांबला. पण त्याची टाच खडकावर आपटली. “एन माडिद्यो!” काय केलेस हे, एवढेच तो म्हणाला. दहा दिवस तो लंगडत होता, आणि अजूनही जिने उतरताना ते पाऊल जपून टाकतो.

मी त्याला सांगितले, वारा होता, ऐकू आले नाही. ते खोटे होते. ऐकू स्पष्ट आले होते. समजले उलटे होते. दोन भाषा येतात याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानापायी मी वाऱ्यावर दोष ढकलला.

शब्द आधी ठरवावेत

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो तेव्हा दिसले की ही चूक माझी एकट्याची नाही. इंग्रजीत बोलणाऱ्या गिर्यारोहकांत एक जुनी ताकीद आहे. ढिला दोर ओढून घे, या अर्थी ‘टेक इन स्लॅक’ असे कधीही म्हणू नये. वाऱ्याने पहिले दोन शब्द उडाले तर खालच्यास फक्त ‘स्लॅक’ ऐकू येते आणि तो नेमके उलटे करतो. इटालियनमध्ये आधाराला बांधून झाल्यावर पुढचा ‘मोल्ला तुत्तो’ म्हणतो, म्हणजे सगळे सोड. नुसते ‘मोल्ला’ म्हटले तर दोर थोडा सैल कर असाही अर्थ होऊ शकतो. जर्मनमध्ये त्याच ठिकाणी ‘श्टांड’ म्हणतात आणि खालच्यास बोलावताना ‘नाखकोमेन’. डोलोमाइटच्या एकाच कड्यावर एका दिवशी चार भाषांतील जोड्या असू शकतात. म्हणून हुकमापूर्वी जोडीदाराचे नाव घ्यावे, नाहीतर शेजारच्या दोरावरचा माणूस आपला हुकूम ऐकून आपल्या माणसाचा दोर सोडील.

मोठ्या कड्यावर एक अडचण आणखी असते. पुढचा कोपऱ्यापलीकडे गेला की ना दिसतो ना ऐकू येतो. अशा वेळी दोराला किती झटके म्हणजे काय, हे आधी ठरवलेले असावे लागते. ते ठरले नसेल तर खालच्याने एकच धरून चालावे : दोर सोडायचा नाही.

आल्प्समध्ये संकटाची खूण तर शब्दांवाचून ठरलेली आहे. मिनिटात सहा वेळा शिटी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबणे, पुन्हा सहा वेळा. उत्तर मिनिटात तीन वेळा. हेलिकॉप्टरला दोन्ही हात वर केले तर ‘होय, मदत हवी’. एक हात वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’. पडलेला माणूस कोणत्या भाषेत घाबरेल हे सांगता येत नाही, म्हणून ही खूण कोणाच्याच भाषेत ठेवलेली नाही.

यावरून मी पुढील नियम काढले आहेत. नवशिक्यांनी ते वहीत लिहून ठेवावेत.

१. प्रत्येक कामास एकच शब्द, आणि तो जमिनीवर उभे असतानाच ठरवावा. दोघांच्या मातृभाषांत त्याचा दुसरा अर्थ होत नाही ना, हे तपासावे.

२. ठरलेला शब्द घाबरलेल्या स्थितीत तोंडात येईल की नाही, हे पाहावे. भीतीच्या वेळी माणूस घरची भाषा बोलतो. म्हणून घरचाच शब्द ठरवणे बरे.

३. हुकूम ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणावा. मी “बिगी? म्हणजे दोर देऊ?” असे एकदा विचारले असते, तर टाच वाचली असती.

४. शंका असेल तर दोर सोडू नये. आवळलेला दोर त्रास देतो; सोडलेला दोर परत बोलावता येत नाही.

५. समजले नसेल तर समजले नाही असे म्हणावे. हा सर्वांत कठीण नियम आहे. प्रादेशिक भाषेतून शिकून इंग्रजी वर्गात बसलेल्यांना तो का कठीण वाटतो, हे मला माहीत आहे. मान डोलवून वेळ निभावण्याची सवय आम्ही पहिल्या वर्षापासून लावून घेतलेली असते. वर्गात तिची किंमत पाच-दहा गुण असते.

खरा हिशेब

एमिलिओ कोमिचीचा शेवट येथे सांगणे योग्य होईल. १९३७ साली त्याने चिमा ग्रांदेचा तोच उत्तर कडा एकट्याने चढून दाखवला. पुढे १९४० च्या ऑक्टोबरात वाल गार्देना येथील एका छोट्याशा सरावाच्या कड्यावर, दोरीचा एक तुकडा तुटून तो पडला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. मोठ्या कड्याने त्याला सोडले होते. लहान जागी एका तुकड्याने घात केला. दोघांमधले खोटे मला तशाच तुकड्यासारखे वाटते. रोजच्या वापरात ते दिसत नाही, आणि भार पडला म्हणजेच कळते.

म्हणून भागीदारीच्या त्या तासानंतर मी मित्राला कँटीनमध्ये गाठले आणि आजीच्या ‘बिगी बिगी’सकट सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अरे, ‘टाइट’ म्हणायचं ठरलं होतं, आणि मीच म्हटलं नाही. अर्धी चूक माझ्या खात्यावर लिही.” मी म्हटले, चूक वाटून घेण्याची सोय नाही, भागीदारीत देणे प्रत्येकाचे पूर्ण असते. कायद्याचे पंचविसावे कलम त्याला पाठ नव्हते, पण आशय पटला.

पुढे तो एवढेच म्हणाला, की वाऱ्याचे कारण त्याला तेव्हाच खोटे वाटले होते. त्या दिवशी बदामीत झाडाचे पानही हलत नव्हते. तरी तो वाट पाहत राहिला होता.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा तेथे जाणार आहोत. आवळण्यासाठी आम्ही ‘हिडी’ हा शब्द ठरवला आहे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘धर’, आणि मराठीत त्याचा दुसरा अर्थ मला सापडला नाही. आजीलाही विचारून घेतले आहे.